तिरोडकर काकांची मर्यादा

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले तिरोडकर काका स्वतःच्या घरात शिरण्याआधी खोकतात. बाहेरून आले की आधी चपला काढायच्या, मग घसा साफ करायचा, मग बंद दाराला "येतोय हं" असं सांगायचं, आणि मग किल्ली लावायची. एकदा काकू आठवडाभर माहेरी सावंतवाडीकडे गेल्या होत्या. घरात चिटपाखरू नव्हतं. तरी काका आपले दारात उभे राहून खोकतायत.

मी म्हटलं, "काका, आत कोणीच नाही ना?"

"नाही ना."

"मग खोकता कोणासाठी?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी अचकट विचकट बोललो होतो. "आत कोणी नाही म्हणून काय मुसंडी मारायची? घर झालं तरी त्याला काही मर्यादा असते, देसाई."

मर्यादा हा काकांचा शब्द. तो ते कशालाही लावायचे. भेंडीच्या भावाला, रिक्षातल्या गाण्याला, शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्यांना. पहाटे गॅलरीवर येऊन ओरडणाऱ्या कावळ्यालाही एकदा म्हणाले होते, "मर्यादा म्हणून काही आहे की नाही आपल्याला?" होय, कावळ्यालाही 'आपण'च. दूधवाला आपण, टँकरवाला आपण, जिन्यात आडवं पसरलेलं कुत्रंसुद्धा आपण. "आपण जरा सरकता का?" कुत्रं सरकत नसे. मग काका त्याला वळसा घालायला जागा नाही म्हणून परत वर यायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा जाऊन बघायचे.

नालासोपारा पूर्वेला आचोळे रोडवरच्या बिल्डिंगीत त्या काळी कोणाच्याही मर्यादेला फारसा वाव नव्हता. ब्लॉक एवढे चिकटून की एकाने कांदा फोडणीला टाकला की चौघांच्या घरी भूक लागायची. पाण्याचा टँकर आला की जो जसा असेल तसा बादली घेऊन खाली पळायचा. काका तेवढे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केस विंचरून, रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, कारण रांगेत गाऊनवर आलेल्या बायका असायच्या. रांग पुढे सरकली की मागचा माणूस त्यांना खांद्यावर टकटक करून सांगायचा.

टीव्हीवर नटी नाचायला लागली की काका पाणी प्यायला आत जायचे. गाणं संपेपर्यंत पाणी प्यायचे. सिनेमा जरा हल्लीचा असला तर मध्यंतरापर्यंत त्यांचं पोट डब्ब व्हायचं. आणि त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर वर्षानुवर्षं फक्त टॉवेल वाळताना दिसायचे. आतले कपडे टॉवेलच्या आत दडवलेले असायचे. माझी बायको नंदा, नवीन राहायला आली तेव्हा मला म्हणाली होती, "समोरच्यांचा टॉवेलचा धंदा आहे का हो?"

लोकांना ते हसण्यावारी न्यायचे विषय वाटायचे. मलाही वाटायचे. पण हळूहळू लक्षात आलं की या माणसाला मुळात लाजच फार वाटते. स्वतःची वाटते तशी दुसऱ्याचीही वाटते. एखाद्याला लोकांसमोर बोलणी बसली की काकांचे कान लाल. बँकेतून निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभाला मला घेऊन गेले होते. साहेबांनी त्यांचं कौतुक सुरू केलं, तसे हे व्यासपीठावरून उठले आणि चहा वाटायला लागले. साहेब इकडे "तिरोडकरांसारखा माणूस" म्हणतायत आणि तिरोडकर तिकडे शेवटच्या रांगेत विचारतायत, "आपल्याला साखर चालते ना?"

तर अशा माणसाने, दोन हजार सहा-सातच्या सुमारास, अचानक घरी कॉम्प्युटर आणला.

का आणला, ते सांगेनात. "हल्ली असावा लागतो," एवढंच. टेलिफोनवाल्यांचं ब्रॉडबँडही घेतलं. आमच्या मजल्यावर कॉम्प्युटर आधी फक्त माझ्याकडे होता. मी अंधेरीला एका कंपनीत हिशेबाचं काम करायचो, पण कॉम्प्युटर असल्यामुळे मजल्यावर माझी गणना इंजिनियरमध्ये व्हायची. त्यामुळे पहिल्याच दिवशी काका मला तो दाखवायला घेऊन गेले.

कॉम्प्युटर दिसलाच नाही. टेबलावर आणि टेबलाखाली फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाची दोन गाठोडी होती. काकूंनी सगळ्याला कव्हरं शिवली होती. मॉनिटरचं पुढून उघडायचं, सीपीयूचं गुडघ्यापर्यंत वर करायचं. सीपीयूची पाठ भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली.

"एवढं चिकटवू नका काका, गरम होईल."

काकांनी आवाज खाली आणला. "मागे सगळ्या वायरी लोंबतात हो. आल्यागेल्याला दिसतं. बरं नाही दिसत ते."

वायरी दिसू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. स्टेशनजवळच्या दुकानातून चार तोंडांचा यूएसबी हब आणला होता. त्याची एक वायर सीपीयूच्या पुढच्या भोकात, आणि मग बाकी जे काही जोडायचं ते सगळं त्या हबला. हब बिस्किटाच्या डब्यात. डब्यावर झाकण. पाहुण्याला वाटावं, या घरात कॉम्प्युटर बिस्किटांवर चालतो.

पुढे महिनाभराने, एका सोमवारी संध्याकाळी, दारात खोकला ऐकू आला. नंदाने दार उघडलं. तिला बघून काका अजूनच खोकले आणि मला बोटाने बाहेर बोलावलं. जिन्यात नेलं, वर बघितलं, खाली बघितलं.

"देसाई, सांगायला संकोच वाटतो."

"काय झालं?"

"कॉम्प्युटरवर... म्हणजे... काल दुपारी... एक आलं."

माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते आलं. त्या दिवसांत इंटरनेटवर चुकीचं बटण दाबलं की काय काय उघडायचं ते सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या वाट्याला हे यावं याचं मला वाईट वाटलं. मी धीर देत म्हटलं, "होतं असं काका. आपोआप उघडतं. बंद करून टाकायचं."

"बंद केलं. पुन्हा आलं. तीच सूचना."

"सूचना?"

काका भिंतीकडे वळले आणि भिंतीलाच हळूच म्हणाले, "कोणीतरी मर्यादा ओलांडली आहे म्हणतो तो."

"कोणी?"

"यूएसबीने."

मला हसू आवरेना. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर येणारा सूचनेचा तो पिवळा फुगा मी ऑफिसात शंभरदा पाहिला होता. यूएसबीला जोडलेल्या वस्तूने विजेची मर्यादा ओलांडली आहे, एवढाच त्याचा अर्थ. एका भोकातून जेवढी वीज मिळायला हवी त्याहून जास्त कोणीतरी ओढतंय. मी ते काकांना समजावून सांगितलं. ते मान डोलवत होते, पण त्यांचे कान लालच होते.

"म्हणजे जास्त घेतंय कोणीतरी. हक्कापेक्षा."

"तसं म्हणा."

"लाज आहे," काका म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर गेलो. काका मला दारातच थांबवून आत गेले आणि कॉम्प्युटरजवळ काहीतरी खुडबुड करून, ड्रॉवर लावून, मग म्हणाले, "या." डब्याचं झाकण काढलं तर हबला दोनच गोष्टी: माऊस, आणि एक वेबकॅम. वेबकॅम मॉनिटरवर बसवलेला, आणि त्याच्या डोळ्यावर रुमाल टाकलेला.

"हा कशाला?"

"सोबत आला." मग थोडं थांबून, "बघत राहतो हो तो सारखा. बरं वाटत नाही."

मी रुमाल काढला, कॅमेरा सुरू केला. पडद्यावर माझा चेहरा आला आणि छान टिकून राहिला. पिवळा फुगा नाही की काही नाही. तरी आलोच आहोत तर म्हणून कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं आणि घरी आलो.

पुढच्या सोमवारी पुन्हा खोकला. "काल पुन्हा म्हणाला."

पुन्हा गेलो. पुन्हा आधी काकांची ड्रॉवरशी खुडबुड, पुन्हा सगळं सुरळीत. मी हबची तोंडं बदलून पाहिली, माऊस एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे. काही नाही. डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो ना, तसं. "आता येणार नाही," असं मी ठणकावून सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी खोकला आलाच नाही. मला वाटलं, झालं काम. खरं म्हणजे काकांना तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली होती.

ते मला कळलं रविवारी. जेवणं झाली होती, मी आडवा व्हायच्या बेतात होतो. काकू आमच्या स्वयंपाकघरात नंदाजवळ येऊन बसल्या होत्या. बोलणं हळू चाललं होतं. मग नंदाने मला आत बोलावलं. काकूंचे डोळे ओले होते.

इथे तिरोडकरांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. मनीषा. एकुलती एक. वसईला एका शाळेत शिकवायची आणि तिथेच तिची ऑल्विनशी ओळख झाली. ऑल्विन गासचा, म्हणजे आमच्या नालासोपाऱ्याच्याच पश्चिमेचा. रेल्वेचे रूळ ओलांडले, थोडं पुढे गेलं की केळीच्या बागा लागतात, ते गाव. घरची वाडी, घरची माणसं साधी, मुलगा शांत. फक्त ते ख्रिस्ती आणि हे हिंदू. लग्न ठरल्यावर मनीषा ऑल्विनला घेऊन घरी सांगायला आली होती. तेव्हा आमचंही दार उघडं होतं आणि मजल्यावरची बाकीचीही उघडी होती. काकांनी त्यांना आत घेतलं नाही. दारात उभ्या उभ्या, ज्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता ते काका ओरडले, "तू मर्यादा ओलांडलीस!" आणि दार लावलं. मनीषा थोडा वेळ बंद दारासमोर उभी होती. ऑल्विनने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं जिना उतरून गेली.

त्यानंतर काकांनी मुलीचं नाव काढलं नाही. मजल्यावर कोणीच काढलं नाही. काकू मात्र आठवड्यातून एकदा "पश्चिमेला भाजी चांगली मिळते" म्हणून पिशवी घेऊन जायच्या आणि तीन-चार तासांनी यायच्या. पिशवीत वाडीतली दुधी, वेलची केळी, पानासकट मुळे. भाजी इतकी ताजी की बाजाराची नव्हे हे आंधळ्यालाही कळावं. काका जेवताना एवढंच म्हणायचे, "मुळा फार कोवळा आहे आज." आणि पुन्हा वाढून घ्यायचे.

मनीषाला मुलगी झाली. रिया. ती चालायला लागली, बोलायला लागली. एक दिवस काकूंनी जेवताना जरा धीर करून म्हटलं, "पोर तुमच्यासारखं नाक घेऊन आलंय." आठवडाभराने काका म्हणाले, "कॉम्प्युटरवर म्हणे माणसं दिसतात."

"अहो, मग जाऊनच या ना," काकू म्हणाल्या होत्या. "रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं."

"कोणत्या तोंडाने जाऊ?" काका म्हणाले होते.

तर कॉम्प्युटर त्यासाठी होता. काकूंनी मनीषाकडे निरोप नेला, तिच्याकडे कॉम्प्युटर होताच, आणि ठरलं: रविवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना.

"आणि दर रविवारी काय होतं," काकू नंदाला सांगत होत्या, "तिकडे यांचा चेहरा दिसतो ना दिसतो तोच काळं होतं. यांना त्या दोघी दिसतात, त्यांना हे दिसत नाहीत. मनू गेल्या खेपेला मला म्हणाली, 'आई, त्यांना सांग, नाही बघायचं तर नको बघू देत. पण माझं तोंड दिसल्यावर कॅमेरा बंद करायचा, हे नको. रिया विचारते मला, आजोबा लपतात का?' आता मी काय सांगू तिला? मला त्यातलं काय कळतं? आणि हे काही बोलत नाहीत. नुसते डोकं खाली घालून बसतात."

ज्या पिवळ्या फुग्याला मी जिन्यात हसलो होतो, तो तिकडे गासमध्ये एका मुलीला दर रविवारी तिच्या बापाने तोंडावर दार लावल्यासारखा दिसत होता.

"आज आहे का?" मी विचारलं.

"आत्ताच बसलेत," काकू म्हणाल्या.

मी तसाच लुंगीवर गेलो. खोकलोही नाही.

आत अंधार. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, समोरच्या बिल्डिंगमधून कोणी बघू नये म्हणून. सीलिंगचा पंखाही बंद, कारण विंचरलेले केस उडतात. काका खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, कपाळावर घाम. मला बघून ते दचकले आणि सवयीने ड्रॉवर उघडायला गेले. मी त्यांचा हात धरला.

"काही लपवू नका काका. आहे तसं बघू दे."

बिस्किटाच्या डब्यात हबला चारही तोंडांत काहीतरी खुपसलेलं होतं. माऊस, कॅमेरा, एक बोटभर उंचीचा दिवा, चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून, आणि एक छोटा यूएसबीचा पंखा, घाम सुकावा म्हणून. दर सोमवारी मी यायच्या आधी दिवा आणि पंखा ड्रॉवरमध्ये जात होते. या वयात नटतोय असं मला वाटेल, म्हणून. आणि रविवारी ते दोघे आपापल्या परीने वीज ओढत बसायचे. कॅमेरा सुरू झाला, की त्यालाही भरपूर लागायची. एका भोकावर एवढ्यांचं भागेना, की हब मान टाकायचा, आणि कॅमेरा बंद पडायचा.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कॉलची खिडकी उघडी होती. तिच्यात मनीषा दिसत होती, किंचित जाड झालेली, मांडीवर दोन वेण्या घातलेली पोर. दोघी कुठेतरी बाजूला बघत होत्या. त्यांना इकडचं काही दिसत नव्हतं. कोपऱ्यात पिवळा फुगा.

"बघा," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "आजही म्हणतोय."

"तो तुम्हाला नाही म्हणत काका. पंख्याला म्हणतोय."

मी दिवा उपटला, पंखा उपटला. कॅमेरा परत लावला, सुरू केला. क्षणभर आला आणि गेला. फुगा पुन्हा. हबच आता दमला असावा. त्याला बाजूला करायचं आणि कॅमेरा थेट सीपीयूला जोडायचा, एवढाच उपाय होता. पुढच्या एका भोकात माऊस लागणार, आणि दुसरं मुळातच सैल. म्हणजे मागे.

"काका, सीपीयू ओढावा लागेल. कव्हर काढतो."

काकांनी दाराकडे बघितलं. दारात काकू होत्या, नंदा होती. "यांच्यासमोर?" ते पुटपुटले. मग स्वतःच खाली वाकले आणि सीपीयूचं फुलाफुलांचं कव्हर डोक्यावरून काढलं. आम्ही दोघांनी मिळून तो भिंतीपासून ओढला. मागच्या सगळ्या वायरी, धुळीची जळमटं, एक हरवलेलं पेनाचं टोपण, सगळं उघड्यावर आलं. मी कॅमेऱ्याची वायर मागच्या भोकात घातली.

कॅमेरा लागला. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत टेबलाचा पाय दिसायला लागला. फुगा आला नाही.

पण वायर आखूड होती. मॉनिटरवर पोचेना. टेबलावरही पोचेना. मधे जोडायची वायर माझ्याकडे होती, पण तिने पुन्हा वीज कमी पडेल अशी मला धास्ती. मी कॅमेरा हातात धरून इकडे तिकडे बघत होतो, तोवर काका खुर्चीवरून उतरले आणि जमिनीवर बसले. सीपीयूच्या शेजारी, फरशीवर, मांडी घालून. गुडघे त्यांचे दुखायचे, तरी. मी कॅमेरा सीपीयूच्या डोक्यावर ठेवला. त्यात चेहरा यावा म्हणून त्यांना पाठ वाकवावी लागली, मान खाली न्यावी लागली.

"काही दिसत नाही हो," मी म्हटलं. चौकटीत नुसता काळोख होता. "दिवा काढला ना. उजेड पाहिजे."

काकू खिडकीकडे गेल्या आणि पडदा धरला.

"अगं, समोरचे लोक बघतील," काका म्हणाले.

"बघू देत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेव्हा ऐकलं ना सगळ्यांनी? आता बघू देत."

त्यांनी पडदा सर्रकन सारला, खिडकी उघडली. दुपारचं पांढरं ऊन फरशीवर पडलं, काकांच्या तोंडावर पडलं. त्यांनी डोळे मिचकावले, पण तोंड हलवलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मनीषाची मान वळली.

ती बघत राहिली. बहुधा वाट बघत होती, आता काळं होईल म्हणून. झालं नाही.

टेबलावरचा मायक्रोफोन मी काकांच्या जवळ आणून ठेवला. मी उठायला लागलो तर काकांनी माझं मनगट धरलं. घट्ट. म्हणून मला थांबावं लागलं आणि नको असताना सगळं ऐकावं लागलं.

मग काका बोलले. आयुष्यभर आमच्याशी छापील मराठीत बोलणारा माणूस, कुत्र्यालाही आपण म्हणणारा. त्यांच्या तोंडून मालवणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"मनू," ते म्हणाले, "बरी आसस मां गो?"

स्पीकरमधून जरा उशिराने तिचा आवाज आला. "बरी आहे."

"मी बंद नाय केलंय. कधीच नाय. ह्या आपणच बंद होयत होता. देसाईंका विचार."

मी कॅमेऱ्यासमोर नसताना मान डोलावली. मग लक्षात येऊन मोठ्याने म्हटलं, "खरं आहे मनीषा. पॉवरचा प्रॉब्लेम होता."

तिच्या मांडीवरची पोर पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की नुसतं नाक दिसायला लागलं. काकूंनी म्हटलं होतं ते खरं होतं.

"आजोबा, तुम्ही खाली का बसलात?"

काकांनी पोरीकडे बघितलं.

"हो, खाली का बसलात पप्पा?" मनीषा म्हणाली. "गुडघे दुखतील. वर बसा ना खुर्चीवर."

"वायर पुरत नाय गो."

"मग दुसरी आणा मोठी."

"नको. मोठी आणली तर पुन्हा बंद पडतला." काका कॅमेऱ्याकडे आणखी थोडे वाकले. "मी हंयच बरो आसंय. असोच बरो आसंय."

ते काय म्हणत होते ते तिला कळलं असावं. तिने ओठ दाबले. मागे कोणीतरी पुरुष येऊन उभा राहिला, त्याचा फक्त शर्ट दिसत होता. काकांनी तो शर्ट पाहिला, आणि त्या तसल्या वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी दोन्ही हात जोडले. शर्ट गडबडला. मग खाली वाकून ऑल्विनचा चेहरा पडद्यात आला आणि त्यानेही घाईघाईने हात जोडले. दोघांचेही कान लाल झाले होते.

"पप्पा," मनीषा म्हणाली, "इकडे या ना. इथे खुर्ची आहे."

पोरीने एक गाणं अर्धंच म्हटलं, मग तिला झोप आली. पडद्यावरची खिडकी मिटली. मी काकांना उठवायला हात पुढे केला.

"थांबा जरा, देसाई," ते म्हणाले. "पायाला मुंग्या आल्यात."

मी थांबलो. ते फरशीवर, उन्हात, उघड्या पडलेल्या वायरींच्या शेजारी बसून होते आणि पाय चोळत नव्हते. मी नंदाला खूण केली आणि आम्ही आमच्या घरी आलो.

संध्याकाळी टँकर आला म्हणून मी बादल्या घेऊन गॅलरीत आलो, तर खाली फाटकातून दोघं बाहेर पडताना दिसली. काका तोच इस्त्रीचा शर्ट घालून, मागून फरशीवर बसल्याच्या धुळीचा डाग तसाच. काकू झपझप पुढे चालल्या होत्या. काका दोन पावलं मागे, त्यांच्या पदराकडे बघत. रस्ता काकूंना माहीत होता.